काचबिंदू ‘बरा झाला’, पण तो मुळात केला कसा होता?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

‘शास्त्रज्ञांनी उंदरांमधला काचबिंदू बरा केला’, ‘गेलेली दृष्टी परत आली’ अशा बातम्या मराठी दैनिकांत वरचेवर येतात. बातमीत औषधाचे नाव असते, विद्यापीठाचे नाव असते, लवकरच माणसांवर चाचण्या होणार असल्याचे आश्वासनही असते. एक गोष्ट मात्र जवळजवळ कधीच नसते, ती म्हणजे त्या प्राण्याला काचबिंदू झाला कसा. प्रयोगशाळेतल्या साध्या उंदराला हा आजार आपोआप होत नाही, तो घडवावा लागतो. कोणत्या रीतीने घडवला यावरच त्या संशोधनाचा माणसाच्या आजाराशी किती संबंध आहे हे ठरते. काचबिंदूचे रुग्ण अशी कात्रणे जपून ठेवतात. त्यांतल्या काहींची मग ‘आता नवे औषध येणारच आहे’ म्हणून रोजच्या थेंबांत ढिलाई सुरू होते. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण यातला बराचसा भाग थोडक्यात सांगितला तर चुकीचा होतो.

काचबिंदूत ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, हळूहळू मरते, आणि त्यामागे बहुधा डोळ्यातल्या द्रवाचा वाढलेला दाब असतो. म्हणून आधी त्या द्रवाच्या निचऱ्याची रचना पाहू. आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या) मागे असलेली सिलियरी बॉडी मिनिटाला साधारण २.५ मायक्रोलिटर (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग) स्वच्छ द्रव तयार करते. हे अश्रू नव्हेत. हा द्रव डोळ्याच्या आत फिरतो आणि भिंग व कॉर्निया (डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा) यांना पोसतो. बाहुलीतून तो पुढच्या कप्प्यात येतो. त्या कप्प्यात एका वेळी जेमतेम पाव मिलिलिटर द्रव मावतो, म्हणजे सुमारे १०० मिनिटांत तो सगळा बदलतो. बाहेर पडण्याची मुख्य वाट कॉर्निया आणि आयरिस जिथे भेटतात त्या कोनात आहे. तिथे ट्रॅबेक्युलर मेशवर्क नावाची जाळीदार ऊती आहे, तिच्यापलीकडे श्लेमची नलिका, नलिकेतून निघणाऱ्या बारीक वाहिन्या आणि शेवटी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरा. थोडा द्रव ही वाट सोडून सिलियरी स्नायूच्या तंतूंमधून झिरपतो. ती दुसरी वाट.

जाळीचे आतले दोन थर सैल असतात. खरी अडवणूक होते ती नलिकेला चिकटून असलेल्या शेवटच्या, काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या थरात आणि नलिकेच्या आतल्या भिंतीत. अमेरिकेतल्या मॉर्टन ग्रँट यांनी १९६३ मध्ये मृत्यूनंतर काढलेल्या मानवी डोळ्यांवर प्रयोग करून दाखवले की जाळी चिरली की निचऱ्याला होणारा सुमारे तीन चतुर्थांश विरोध नाहीसा होतो. एवढ्याशा पट्टीवर सगळे अवलंबून आहे.

किती अवलंबून आहे ते साध्या गणितात दिसते. तयार होणाऱ्या २.५ मायक्रोलिटरमधून दुसऱ्या वाटेचे ०.५ वजा करा. उरलेले २ जाळीतून जायचे आहेत. जाळीची क्षमता, पाऱ्याच्या दर मिलिमीटर दाबाला मिनिटाला ०.३ मायक्रोलिटर धरली, तर द्रव ढकलायला ६.७ मिलिमीटर दाब लागतो. त्यात शिरांमधला ९ मिळवला की डोळ्यातला दाब १५.७ होतो. क्षमता निम्मी झाली तर तोच दाब २२.३ वर जातो आणि एक तृतीयांश उरली तर २९ वर. साधारण डोळ्यात तो १० ते २१ च्या दरम्यान असतो. प्रयोगात काचबिंदू घडवायचा म्हणजे जवळजवळ नेहमी ही क्षमता घटवायची. ती घटवण्याच्या रीतींमध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माकडांमधली रीत लेसरची. १९७४ मध्ये गास्टरलँड आणि कुप्फर यांनी ऱ्हीसस माकडांच्या जाळीवर आर्गॉन लेसरचे डाग देऊन दाब वाढवून दाखवला. पुढे रुळलेल्या पद्धतीत ठिपका ५० मायक्रॉनचा, शक्ती सुमारे १ वॉट, वेळ अर्धा सेकंद आणि डाग एकमेकांना लागून पूर्ण वर्तुळभर देतात. बहुधा एका बैठकीत भागत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागतात. ५ वर्षांनी, १९७९ मध्ये, वाइज आणि विटर यांनी तोच आर्गॉन लेसर आणि तोच ५० मायक्रॉनचा ठिपका माणसाच्या काचबिंदूवर उपचार म्हणून वापरला आणि दाब खाली आला. फरक होता वेळेत आणि अंतरात. उपचारात डाग ०.१ सेकंदाचा असतो आणि दोन डागांमध्ये निरोगी जाळी सोडलेली असते. त्या सोडलेल्या भागातल्या पेशी जाग्या होतात आणि निचरा सुधारतो. डाग सलग आणि पाचपट वेळ दिला की पेशी मरतात, व्रण भरतो आणि वाट बुजते.

या रीतीत काय बिघडते? ऊर्जा कमी पडली तर दाब चढतच नाही, चढला तरी थोड्या दिवसांत उतरतो. जास्त झाली तर पुढच्या कप्प्यात रक्त उतरते, कॉर्निया धुरकट होतो, आयरिस कोनाला चिकटते आणि दाब ६० च्या पलीकडे जातो. एवढ्या दाबात रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा, रक्तपुरवठाच आवळला जातो. मग जे नुकसान दिसते ते रक्त न मिळाल्याचे असते, काचबिंदूचे नव्हे. शिवाय जाळीवरच काम करणारे औषध तपासायचे असेल तर एक मूलभूत अडचण राहते. औषधाने ज्या पेशींवर परिणाम करायचा, त्यांतल्या बहुतेक आपणच जाळून टाकलेल्या असतात. उरलेल्या तुकड्यातून जेवढे दिसेल तेवढेच खरे.

रॅटमध्ये, म्हणजे मोठ्या उंदरामध्ये, मॉरिसन यांच्या गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली खारट पाण्याची रीत अजून चालते. ब्राऊन नॉर्वे जातीचे प्राणी घेतात, कारण ते शांत असतात आणि जागेपणी दाब मोजू देतात. डोळ्याभोवती प्लास्टिकची बारीक कडी बसवतात. कडीला एक खाच असते आणि ती खाच निवडलेल्या शिरेवर येते. बाकीच्या शिरा कडीने दबतात. मग काचेच्या अतिसूक्ष्म सुईने त्या एका शिरेत ५० मायक्रोलिटर, १.७५ मोलर मीठपाणी उलट दिशेने सोडतात. हे जवळपास १० टक्के मीठ झाले. सलाईनमध्ये ते ०.९ टक्के असते. पाणी शिरेतून नलिकेत, नलिकेतून जाळीत शिरते आणि पेशी भाजते. बुबुळाच्या कडेच्या रक्तवाहिन्या क्षणात पांढऱ्या पडल्या तर पाणी योग्य जागी गेले, नाही पडल्या तर सुई शिरेच्या आरपार गेली असे समजायचे. दाब लगेच वाढत नाही. व्रण धरायला ७ ते १० दिवस लागतात. तोवर वाढला नाही तर दुसरी शीर निवडून पुन्हा. म्हणजे एका गटातले दहा उंदीर ‘सारखे’ कधीच नसतात. कुणाचा दाब २५, कुणाचा ४५. सरासरी छापली की हा फरक दिसेनासा होतो.

सध्याच्या बातम्यांमध्ये बहुधा जी रीत असते ती सूक्ष्ममण्यांची. १० किंवा १५ मायक्रॉनचे पॉलिस्टायरिनचे मणी पुढच्या कप्प्यात टोचतात. माउसला, म्हणजे लहान उंदराला, १ ते २ मायक्रोलिटर आणि रॅटला काही मायक्रोलिटर. मणी द्रवाबरोबर कोनाकडे वाहत जातात आणि जाळीत अडकतात. दाब साधारण २० ते ३० टक्के वाढतो आणि एका इंजेक्शनवर तीनेक आठवडे टिकतो. सुई काढताना मणी तिच्यामागून बाहेर येतात, म्हणून शेवटी हवेचा बुडबुडा सोडून छिद्र बंद करावे लागते. काही मणी बाहुलीसमोरच राहतात आणि मग रेटिनाचे चित्र घेता येत नाही. यावर उपाय म्हणून काही गट लोहयुक्त मणी घेऊन ते चुंबकाने कोनात ओढतात. ही रीत सोपी आहे आणि जाळीतल्या पेशी तिच्यात सरसकट मरत नाहीत, म्हणून आम्हाला ती बरी वाटते. पण तीन आठवड्यांचा अडथळा म्हणजे २० वर्षे हळूहळू वाढणारा आजार नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये ‘म्हाताऱ्या पेशी तरुण केल्या, काचबिंदूत गेलेली दृष्टी परत आली’ अशी बातमी जगभर गाजली. ते काम चांगलेच होते, पण त्यातला काचबिंदू या मण्यांनी घडवलेला होता. हे मराठीत कुणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

डोळ्यावरच्या शिरा डागून बंद करण्याची रीतही आहे. तिच्यात दाब ताबडतोब चढतो, पण रक्त तुंबल्यामुळे किती आणि द्रव तुंबल्यामुळे किती, हा वाद मिटलेला नाही.

एक जुनी रीत आज कुणी फारशी वापरत नाही, पण तिने खूप शिकवले. १९५८ मध्ये स्पेनच्या बाराकेर यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाला धरून ठेवणारे तंतू विरघळवायला अल्फा-कायमोट्रिप्सिन हे एन्झाइम वापरायला सुरुवात केली. थोड्याच वर्षांत लक्षात आले की काही रुग्णांचा दाब शस्त्रक्रियेनंतर चढतो. तेच एन्झाइम माकडांच्या आणि सशांच्या डोळ्यात सोडले, तर तिथेही चढला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कारण सापडले. तुटलेल्या तंतूंचे तुकडे वाहत येऊन जाळीत साचले होते. माणसातली गुंतागुंत प्राण्यात उमगली आणि शल्यचिकित्सकांना काय टाळायचे ते कळले. प्राण्यांवरचे सगळे प्रयोग निरुपयोगी, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

प्राणी कोणता हेही रीतीइतकेच महत्त्वाचे. कुत्रा, मांजर, गाय, ससा यांना श्लेमची एकसंध नलिका नसते, त्याऐवजी शिरांचे जाळे असते. कुत्र्याच्या कोनात पेक्टिनेट लिगामेंटचे दोर आडवे असतात, त्यामागे खोल फट असते आणि त्या फटीत जाळी. माउसला नलिका असते, पण ऑप्टिक नर्व्ह डोळ्याबाहेर पडते त्या ठिकाणी माणसात जी कोलॅजेन या चिवट प्रथिनाची चाळण असते ती माउसमध्ये नसते. माणसाची नस पहिल्यांदा मरते ती नेमकी त्या चाळणीत. दुसऱ्या वाटेने मांजराचा सुमारे ३ टक्के आणि कुत्र्याचा सुमारे १५ टक्के द्रव जातो. माकडात हे प्रमाण कितीतरी जास्त. लॅटानोप्रोस्ट हे माणसाच्या काचबिंदूत आज सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध प्रामुख्याने या दुसऱ्या वाटेवर काम करते. कुत्र्याचा दाब ते झपाट्याने उतरवते. मांजराची बाहुली त्याने टाचणीएवढी होते, दाब मात्र उतरत नाही. पशुवैद्यकांना हे रोजचे आहे. मांजरावरच्या प्रयोगावरून कुणी निर्णय घेतला असता तर हे औषध केराच्या टोपलीत गेले असते.

निसर्गात घडलेले नमुनेही आहेत. बीगल कुत्र्यांच्या एका वंशात एडॅम्ट्स-१० या जनुकातल्या बदलामुळे उघड्या कोनाचा (कोन उघडा असूनही जाळीतून निचरा घटलेला) काचबिंदू होतो, तो हळूहळू वाढतो आणि माणसाच्या आजाराच्या बराच जवळचा आहे. डीबीए/२जे जातीच्या माउसमध्ये दोन जनुकांमुळे आयरिसचे रंगद्रव्य सुटते, जाळीत साचते, पुढे आयरिस चिकटून कोनही बंद होतो आणि वयाच्या ८-९ महिन्यांपासून दाब चढतो. त्यातही काही डोळे शेवटपर्यंत शाबूत राहतात, म्हणून मोठे गट घ्यावे लागतात.

मोजमापाबद्दल थोडेच सांगतो. उंदराचा दाब रिबाउंड टोनोमीटरने मोजतात. एक हलकी सळई कॉर्नियावर आपटून परत येते, तिच्या वेगावरून दाब काढतात. उपकरण त्या-त्या जातीसाठी जुळवलेले हवे. भूल दिली की दाब काही मिनिटांत उतरतो, त्यामुळे भुलेखालचा आकडा आणि जागेपणीचा आकडा एका तक्त्यात ठेवता येत नाही. उंदरांचा दाब अंधारात वाढतो, म्हणून वेळ ठरलेली हवी. काही प्रयोगशाळा तर हा चढउतार दाबण्यासाठी प्राण्यांना सतत मंद उजेडात ठेवतात. ‘दाब ८ ने उतरला’ असे वाचले की पहिला प्रश्न हाच विचारावा: जागेपणी की भुलेत, दिवसा की रात्री?

आता स्टेरॉइडची रीत. तिच्यावर आम्हाला जास्त लिहायचे आहे, कारण ही एकच रीत प्रयोगशाळेच्या भिंतीआड राहिलेली नाही. अर्जेंटिनात जेरोमेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी गाईंच्या डोळ्यात प्रेडनिसोलोन ॲसिटेट या स्टेरॉइडचे थेंब नियमित घातले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात काही आठवड्यांत दाब दुपटीच्या आसपास गेला, आणि तोही प्रत्येक गाईचा. पुढे मेंढ्यांमध्येही तेच दिसले, तिथे तर आणखी लवकर. थेंब थांबवल्यावर दाब पूर्ववत झाला. काही जाळायचे नाही, टोचायचे नाही. माउसमध्ये थेंबांऐवजी पापणीच्या आतल्या घडीत आठवड्याला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात.

जाळीत नेमके काय होते? पेशींच्या आतले ॲक्टिनचे धागे एकमेकांत गुंतून घुमटासारखा सांगाडा बनवतात आणि पेशी ताठर होते. फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, कोलॅजेन हे पदार्थ नलिकेलगतच्या त्या शेवटच्या थरात साचतात. कचरा गिळण्याचे पेशीचे काम मंदावते. मायोसिलिन नावाचे प्रथिन भरमसाट तयार होऊ लागते. याच प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाने काही घराण्यांत तरुणपणी काचबिंदू होतो, हे १९९७ मध्ये कळले. माणसाच्या उघड्या कोनाच्या काचबिंदूत जाळीची जी अवस्था दिसते तिच्याशी हे चित्र पुष्कळ जुळते. म्हणून सर्व घडवलेल्या काचबिंदूंत जाळीच्या अभ्यासाला हाच सर्वांत उपयोगी, असे आमचे मत आहे.

गाईंमध्ये सगळ्यांचा दाब चढला, माणसांत तसे नसते. १९६० च्या दशकात आर्माली आणि बेकर यांनी निरोगी माणसांना ४ ते ६ आठवडे दिवसातून तीन-चार वेळा स्टेरॉइडचे थेंब घालून पाहिले. सुमारे ५ टक्के लोकांचा दाब १५ मिलिमीटरहून जास्त वाढला, सुमारे एक तृतीयांशांचा ६ ते १५ ने, बाकीच्यांचा किरकोळ. हा प्रयोग आज औषधाच्या दुकानात कसा घडतो ते पाहा. ५ मिलिलिटरच्या बाटलीत साधारण १२५ थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत दिवसातून चार वेळा एक थेंब म्हणजे रोज ८. बाटली पंधरा दिवस पुरते. डोळे खाजतात म्हणून चिठ्ठीशिवाय सलग तीन बाटल्या नेल्या की ६ आठवडे झाले. म्हणजे आर्माली-बेकर यांच्या प्रयोगाएवढी मात्रा पोटात नव्हे, थेट जाळीवर पोचली. फरक इतकाच की इथे दाब मोजायला कुणी नसते. दाब चढल्याचे दुखून कळत नाही, डोळा लालही होत नाही. उलट स्टेरॉइडने लाली आणि खाज जाते, त्यामुळे औषध ‘लागू पडले’ असेच वाटते.

जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ होती. अशा साथीत प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या बाटल्या घराघरांत येतात आणि साथ सरल्यावरही फ्रीजमध्ये राहतात. त्याहून मोठी चिंता मुलांची. उन्हाळ्यात डोळे खाजवणारी, वर्षानुवर्षे ॲलर्जी असणारी मुले एकच जुनी चिठ्ठी दाखवून हे थेंब वापरत राहतात. मुलांचा दाब मोठ्यांपेक्षा लवकर चढतो. मूल ‘बाजूचे दिसत नाही’ असे सांगत नाही. ते सरळ समोर पाहते, पुस्तक वाचते, आणि नस आतून मरत राहते.

घरातल्या बाटलीवरचा मजकूर काढून वाचावा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायफ्लुप्रेडनेट ही नावे असतील तर ते स्टेरॉइड आहे. लोटेप्रेडनॉल आणि फ्लुओरोमेथोलोन तुलनेने सौम्य, पण स्टेरॉइडच. प्रतिजैविकाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि स्टेरॉइडचे दुसऱ्या ओळीत असते, म्हणून दोन्ही ओळी वाचाव्यात. ही शेड्यूल एचमधली औषधे आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. डॉक्टरांनी दिलेली असतील तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत. युव्हायटिस (डोळ्याच्या आतला दाह) किंवा कॉर्नियारोपण झालेल्या डोळ्यात तसे करणे घातक ठरते. मात्र दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ चालू असतील तर दाब मोजून घ्यावा आणि चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजावा. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, मोठा मायनस नंबर असेल, मधुमेह असेल तर विशेष. थोड्याच काळाच्या वापरानंतर थांबवले तर दाब बहुधा काही आठवड्यांत उतरतो. नसेचे मेलेले तंतू मात्र परत येत नाहीत.

प्राण्यांना त्रास देऊन हे सगळे का करायचे, असे विचारणाऱ्या वाचकांचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत नैतिक समिती असावी लागते. डोळ्याच्या संशोधनात एकाच डोळ्यात आजार घडवणे, दुसरा शाबूत ठेवणे ही रूढ शिस्त आहे. तरीही माकडांचा वापर फक्त चाळणीच्या अभ्यासासारख्या, दुसरीकडे न मिळणाऱ्या उत्तरांसाठीच व्हावा असे आम्हाला वाटते. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवीन औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरच्या चाचण्याही मान्य केल्या, हे योग्यच झाले.

पण मानवी ऊती आणायची कुठून? जाळीसाठी याचे उत्तर नेत्रदानात आहे. दान मिळालेला कॉर्निया रोपणासाठी वापरताना मधला साधारण ८ मिलिमीटरचा गोल कापून घेतात. उरलेल्या कडीत जाळी असते. ती बहुतेकदा टाकून दिली जाते. त्या कडीतून जाळी सोलून पेशी वाढवता येतात. त्या खरोखर जाळीच्याच आहेत याची खूण अशी की आठवडाभर डेक्सामेथासोन दिल्यावर त्या मायोसिलिन तयार करतात. कॉर्निया रोपणाला अयोग्य असेल तर डोळ्याचा पुढचा अर्धा भाग बशीत घट्ट बसवून, ३७ अंशांवर, मिनिटाला २.५ मायक्रोलिटर पोषकद्रव सोडून तो काही आठवडे जिवंत ठेवता येतो. अशा डोळ्यांना डेक्सामेथासोन दिले तर सुमारे एक तृतीयांशांचाच दाब चढतो. सगळ्या गाईंचा चढला होता, इथे तसे होत नाही. मदुराईच्या अरविंद नेत्रसंस्थेत या पद्धतीवर काम झाले आहे. यासाठी डोळे मृत्यूनंतर ६ तासांच्या आत काढलेले हवेत, आणि दात्याला काचबिंदू होता का, स्टेरॉइड चालू होते का, हे कुटुंबाने नेत्रपेढीला सांगायला हवे. संमतिपत्रात रोपणाबरोबर संशोधनाचाही उल्लेख असतो. तिथे ‘हो’ म्हणावे, ही वाचकांना विनंती.

संपादकांना विनंती वेगळी. प्राण्यांवरच्या काचबिंदू-संशोधनाची बातमी छापताना चार गोष्टी विचाराव्यात: प्राणी कोणता, दाब कसा वाढवला, तो किती दिवस वाढलेला राहिला, आणि औषध नुकसानीच्या आधी दिले की नंतर. मेमँटाइन या औषधाने लेसर दिलेल्या माकडांच्या नसा वाचवल्या होत्या. पुढे दोन हजारांहून जास्त रुग्णांवर ४ वर्षे चाललेल्या चाचण्यांत तो परिणाम सिद्ध झाला नाही. पहिली बातमी जिथे छापली तिथे दुसरीही छापली गेली पाहिजे.

२०१७ ची जीवनसत्त्व ब-३ ची बातमी या चार प्रश्नांसह लिहिली असती तर साधारण अशी झाली असती: ‘डीबीए/२जे जातीच्या, म्हणजे आयरिसचे रंगद्रव्य साचून दाब चढणाऱ्या माउसना पाण्यातून निकोटिनमाइड (ब-३ चा एक प्रकार) दिले. मुख्य गटात ते वयाच्या सहाव्या महिन्यापासून, नुकसान होण्याआधी सुरू केले होते. सर्वांत मोठ्या मात्रेत ९३ टक्के डोळ्यांना काचबिंदूचे नुकसान झाले नाही. माणसांवरच्या चाचण्या अजून संपलेल्या नाहीत. उंदराची मात्रा वजनाने गुणून माणसाला लागू होत नाही, मोठ्या मात्रेत यकृताला इजा होऊ शकते, आणि दुकानात ब-३ याच नावाखाली मिळणारे नायसिन हे वेगळे रसायन असून त्याच्या मोठ्या मात्रेने रेटिनाला सूज येते. रुग्णांनी चालू असलेले थेंब बंद करू नयेत.’ मथळ्याला यातून जागा कमी उरते, याची आम्हाला कल्पना आहे. शेवटचे वाक्य तेवढे कापू नये.

आपले,
नेत्रवैद्यक आणि पशुवैद्यक विषयांचे काही अध्यापक, पुणे